पट्ट्यावरचा पंखा, तारेवरचा पंखा

अमेरिकेत ज्याला ट्रक म्हणतात त्यातल्या बऱ्याचशा गाड्यांना आपण नाशकात पिकअप म्हणतो. हा फरक आधीच सांगून टाकतो, कारण या प्रकरणातला सगळा वाद त्यावरच येऊन थांबणार आहे. रेडिएटरच्या पंख्याला इंजिनाच्या पट्ट्यावरून सोडवायचं आणि विजेच्या मोटारीवर फिरवायचं, ही घरगुती जुगाडाची कल्पना जगभरच्या गॅरेजांत पुन्हा पुन्हा राबवली जाते. नाशिकसारख्या शहरात ती न सुचती तरच नवल. इथे महिंद्राच्या कारखान्यातून बोलेरो आणि स्कॉर्पिओ बाहेर पडतात, इथल्या एका चौकाचं नावच डिझेलचे नोझल बनवणाऱ्या कंपनीवरून ‘मायको सर्कल’ पडलंय आणि आडगाव नाक्यापासून अंबडपर्यंत मिस्त्री, वायरमन, रेडिएटरवाले यांची दुकानं पसरली आहेत. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेनं २०१७ साली हटवला. पण अपघातातल्या कारचा चांगला पंखा शोधून देणारी माणसं काही शहरातून गेली नाहीत.

प्रश्न एवढाच, की असा पंखा पिकअपला लावावा का. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणेल, ‘‘आधी गाडी चालते कुठं ते सांगा.’’ उत्तर म्हणून हे ठीकच आहे, पण थोडं उलगडून पाहू.

डिझेलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो. तेवढाच सायलेन्सरमधून धुरासोबत निघून जातो. उरलेल्यातला बराच भाग इंजिनाचं लोखंड तापवतो आणि तो बाहेर काढण्याचं काम पाण्याचं. पाणी ती उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं, पुढची हवेची जबाबदारी. म्हणजे ‘वॉटर कूल्ड’ गाडीसुद्धा शेवटी हवेवरच थंड होते. पाणी हा नुसता हमाल.

ही हमाली पूर्वी फार महागात पडायची. सुरुवातीच्या मोटारींना भरमसाट पाणी लागायचं आणि ते उकळून उडून जायचं. १९००–०१ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखनं मर्सिडीजसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात आठ हजारांहून जास्त बारीक नळ्या होत्या आणि मागे पंखा. तेव्हापासून पाणी काही लिटरांवर आलं. पंखा इंजिनाला जोडला गेला तो तिथेच चिकटला. आपल्याकडच्या ॲम्बेसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी आयुष्यभर पट्ट्यावरच्या पंख्यानं थंड झाल्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे पट्ट्याचं तोंड रेडिएटरकडे नव्हतंच. मग विजेचा पंखा आला आणि सिग्नलला गाडी बंद केल्यावर बॉनेटखाली काहीतरी घरघरतंय याची मध्यमवर्गाला सवय झाली. आडवं इंजिन आणि विजेचा पंखा ही जोडी युरोपात त्याआधीच, फियाट १२८ सारख्या गाड्यांत, रुळली होती.

पिकअपचं इंजिन मात्र उभं. पंखा थेट वॉटर पंपाच्या पुलीसमोर. तिथे विजेची गरजच पडली नाही.

मग पट्ट्यावरच्या पंख्याचं दुखणं काय? तो स्वतःच्या अकलेनं फिरत नाही, इंजिनाच्या तालावर फिरतो. नाशिकच्या द्वारका चौकात गाडी अडकली की इंजिन मिनिटाला आठशे फेरे मारतं, पंखाही त्याच मानानं मरगळतो. ओझरच्या पुढे मोकळ्या हायवेवर इंजिन अडीच हजारांवर जातं, तिथे समोरून येणारा वाराच पुरेसा असतो, पण पंखा जीव तोडून फिरत राहतो. पंख्याचा एक नियम इथे महत्त्वाचा आहे. फेरे तिप्पट केले तर हवा तिप्पट मिळते, पण त्यासाठी लागणारी ताकद सत्तावीसपट होते. म्हणजे जिथे गरज नाही तिथे तो सगळ्यात जास्त खातो. जानेवारीत निफाडकडे पारा पाचाच्या खाली उतरतो. अशा पहाटे भाजी भरून निघालेल्या गाडीच्या थंड इंजिनावरही हा पंखा इमानेइतबारे वारा घालतो. थंड डिझेल इंजिन जास्त तेल पितं आणि जास्त झिजतं.

विजेच्या पंख्याची खरी कमाई त्याच्या बंद राहण्यात आहे. ‘‘विजेचा लावला म्हणजे गाडी जास्त थंड राहील,’’ ही समजूत घेऊन जो मिस्त्रीकडे जातो त्याचा अपेक्षाभंग होतो. इतकंच काय, नुसतं उभं राहून डिझेल इंजिन सहसा तापतही नाही. रिकाम्या फेऱ्यांत ते तासाला लिटरभरसुद्धा तेल जाळत नाही, मग उष्णता येणार कुठून? सिग्नलला काटा चढत असेल तर पंख्याला दोष देण्याआधी रेडिएटर पाहावा. लासलगावच्या बाजारात कांद्याची वाळकी सालं उडत असतात, ती समोरच्या जाळीत जाऊन बसतात. आतून बोअरच्या पाण्याचे क्षार बसलेले असतात, कारण कूलंटचे पैसे वाचवायला कुणीतरी दोन वर्षं बोअरचं पाणी ओतलेलं असतं. किंवा झाकणाचं रबर गेलेलं असतं. हे झाकण क्षुल्लक दिसतं. पण नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. झाकण आतला दाब हवेच्या दाबाच्या जवळपास दुप्पट ठेवतं, म्हणून तेच पाणी ११५ अंशांच्या पुढेही शांत राहतं. आपल्या कुकरचीच गोष्ट. चाळीस-पन्नास रुपयांचं रबर सडलेलं असताना हजारोंचा पंखा लावणारे लोक आहेत.

आता मुंबई-नाशिक रस्त्यावरचा कसारा घाट. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत सुमारे ३०० मीटरची चढण आहे. १८६५ साली याच डोंगरातून रेल्वे वर आली, ३७ फुटांना एक फूट अशा चढानं, आणि तिथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन लावावं लागे. रस्त्यावरचे कडक टप्पे त्याहूनही तीव्र वाटतात. धरून चालू, शंभर मीटरला सहा मीटर. पिंपळगावचे टोमॅटो वाशीला टाकून पिकअप परत येतेय, परतीच्या भाड्यात खताच्या गोण्या आहेत, गाडी आणि माल मिळून तीन टन. ताशी तीसच्या वेगानं चढायचं तर चाकांवर साधारण १८ किलोवॅट, म्हणजे २४ अश्वशक्ती लागते. पाण्यात जवळपास तेवढीच उष्णता उतरते. मे महिन्यातली हवा ३८ अंशांची आहे. रेडिएटरमधून जाताना ती ३० अंशांनी तापते असं मानलं, तर सेकंदाला अर्ध्या घनमीटरहून थोडी जास्त हवा हवी. ताशी तीसच्या वेगाचा वारा त्यातली काही आपणहून देतो. उरलेली खेचायला अडीचशे-तीनशे वॅटचा मोठा पंखा पुरतो. हे गणित जमतं, आणि म्हणून पिकअपला हे जुगाड शोभतं.

त्याच घाटात शेजारच्या लेनमध्ये ३५ टनांचा बाराटायर ताशी वीसनं चढतोय. त्याला चाकांवर १३० किलोवॅट लागतायत, पाण्यात ८०–१०० किलोवॅट उतरतायत, सेकंदाला तीन घनमीटर हवा हवीय. एवढी हवा मर्यादित तोंडाच्या रेडिएटरमधून ओढायला पंख्याला दहा किलोवॅटच्या घरात ताकद द्यावी लागते. २४ व्होल्टवर ती म्हणजे चारशेहून जास्त अँपिअर झाले. अशा ट्रकचा डायनमो शंभरच्या आसपास देतो, त्यात दिवेही आले. तार मनगटाएवढी जाड घेतली तरी वीज आणणार कुठून? म्हणून मोठ्या ट्रकांनी दुसरा मार्ग काढला. पंखा पट्ट्यावरच ठेवला, पण मध्ये चिकट सिलिकॉन तेलाची कपलिंग घातली. पुढच्या बाजूला दोन धातूंची चपटी स्प्रिंग असते. रेडिएटरमागची हवा तापली की ती वळते, झडप उघडते, तेल दोन तबकड्यांच्या फटीत शिरतं आणि पंखा धरला जातो. थंड झालं की तेल परत, पंखा सैल. घाटात ट्रक एकाएकी विमानासारखा गर्जायला लागतो ना, तो हा क्षण. ड्रायव्हर त्या आवाजावरून पाण्याचा अंदाज घेतात. मोठ्या ट्रकला घरी विजेचा पंखा लावून देतो म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजावा आणि घरी पाठवावा.

पिकअपकडे परत येऊ. पंखा निवडताना तो खेचणारा आहे की ढकलणारा हे पाहावं. रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसतो तो खेचणारा आणि तोच बरा, कारण समोरच्या वाऱ्याच्या आड येत नाही. पात्यांना बाक असतो, त्या बाकानंच हवा कापली जाते. तारा उलट जोडून पंखा उलटा फिरवता येतो खरा, पण तो आवाज जास्त करतो आणि हवा कमी देतो. हातानं तपासायची पद्धत सोपी आहे: पंखा चालू असताना समोरच्या जाळीवर पातळ कागद धरावा. तो चिकटून राहिला तर ठीक. फडफडून उडाला तर आपण वाऱ्याशी भांडणारा पंखा लावलाय.

बसवताना बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या काड्या रेडिएटरच्या पापुद्र्यांतून आरपार घालायचा मोह होतो. पाच मिनिटांचं काम. सहा महिन्यांत कंपनांनी त्या काड्या नळीला भोक पाडतात. पंख्याचं वजन रेडिएटरच्या जाळीवर कधीच टाकू नये. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना धरून लोखंडी अँगलची चौकट करावी, बोल्टांखाली रबराचे बूच घालावेत, आणि चौकटीला पत्र्याचं कव्हर ठोकावं. हे कव्हर वाटतं तेवढं शोभेचं नाही. रेडिएटर चौकोनी, पंखा गोल. कव्हर नसेल तर पंखा त्याच्या समोरच्याच वर्तुळातून हवा ओढतो आणि चारही कोपरे गरम राहतात. पंखा आणि जाळी यांत चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवून चारही कडांना कव्हर चिकटवलं की कोपऱ्यांतूनही हवा येते. मात्र मग हायवेवर तेच कव्हर समोरच्या वाऱ्याला अडवतं. कंपनीच्या गाड्यांत त्यासाठी कव्हरला रबराच्या झडपा असतात, वाऱ्यानं आपोआप उघडणाऱ्या. जुन्या ट्यूबचे तुकडे वरच्या कडेला रिव्हेट करून तशा झडपा घरी करता येतात. यात हुशारीपेक्षा चिकाटी लागते.

विजेचं काम वायरमनवर सोडलं तरी त्याच्या शेजारी उभं राहावं. तीनशे वॅट म्हणजे १२ व्होल्टवर २५ अँपिअर, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दोन-तीनपट. हेडलाइटच्या तारेतून हा प्रवाह नेणं म्हणजे आग लावणं. एक चौरस मिलिमीटरच्या चार मीटर तारेत जवळजवळ दोन व्होल्ट मरतात आणि ४५ वॅट उष्णता तारेतच राहते, सोल्डरिंग आयर्नएवढी. पंख्याला मात्र वीजही कमी आणि हवाही कमी. सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, लग दाबून बसवलेले आणि अर्थिंग थेट चासीला, तेही रंग खरवडून. बॅटरीजवळ वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज पंख्याजवळ लावणारे महाभाग भेटतात, पण मधली तार कुठे घासून उघडी पडली तर तो फ्यूज बघत बसतो.

चालू-बंद करायला रिले. त्याचे चार पाय ३०, ८५, ८६, ८७ अशा आकड्यांचे. ३० वर बॅटरी, ८७ वरून पंखा, ८५-८६ मध्ये बारीक प्रवाहाचं वेटोळं. तापमानाचा स्विच फक्त या वेटोळ्याला हुकूम देतो, जड प्रवाह रिले सांभाळतो. स्विच किती अंशांचा घ्यायचा यात बहुतेक जुगाडं फसतात. इंजिनात थर्मोस्टॅट वॉल असतो. त्यातली मेणाची गोळी वितळून फुगली की तो उघडतो, साधारण ८२ अंशांना सुरुवात होऊन पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण. इंजिनातून रेडिएटरकडे येणाऱ्या वरच्या पाइपाशी ८५ चा स्विच लावला तर पंखा सुरू झाला तो झाला. बंद व्हायला पाण्यानं ज्या तापमानाला उतरायला हवं, तिथे थर्मोस्टॅट ते उतरू देणारच नाही. त्या जागी ९५ ला चालू, ९० ला बंद असा काहीतरी हवा. रेडिएटरच्या खालच्या टाकीत लावायचा तर आकडे खाली आणावे लागतात, कारण तिथे थंड झालेलं पाणी येतं. आणि कुणी ‘‘वॉलच काढून टाकू, कटकट नको,’’ म्हणालं तर हात जोडून नकार द्यावा. वॉल काढलेलं इंजिन थंडीत तासन् तास गरमच होत नाही. पंख्याची बंद राहण्याची कमाई मग कशासाठी?

वेटोळ्याची वीज चावीवरून घ्यावी. चावी काढल्यावरही पंखा थोडा वेळ फिरावा असं काहींना वाटतं, कारमध्ये तसं असतं म्हणून. पण वॉटर पंप पट्ट्यावरचा आहे, तो इंजिनासोबत थांबलाय. पंखा फक्त रेडिएटरमधलं पाणी गार करत बसणार आणि बॅटरी उतरवणार. चढ चढून आल्यावर इंजिन दोन मिनिटं रिकामं चालू ठेवून मग बंद करणं त्यापेक्षा शहाणपणाचं.

पट्टा तुटला तर ड्रायव्हरला कळतं. डायनमोचा लाल दिवा लागतो, आवाज बदलतो. विजेचा पंखा मात्र गुपचूप मरतो. रिले जळतो, फ्यूज जातो, मोटारीचे कार्बन झिजतात, आणि हायवेवर काहीच जाणवत नाही. कळतं ते थेट घाटात, काटा लाल रेषेला टेकल्यावर. म्हणून पंख्याच्या तारेलाच समांतर एक बारका दिवा डॅशबोर्डवर आणावा. पंख्याला वीज पोचली तर दिवा चालू. त्याच्या शेजारी एक हातचा स्विच, तापमानाच्या स्विचनं दगा दिला तर रिलेला थेट हुकूम देणारा. या दोन गोष्टींना दोनशे-तीनशे रुपये लागतात आणि नेमक्या त्याच गाळल्या जातात.

एक कागदी बाब. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. आरसीवर पंख्याचा उल्लेख नसतो. पण घरगुती वायरिंगनं गाडी पेटली तर विमा कंपनी काय विचारेल याचा विचार आधीच केलेला बरा. आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांचं इंजिन कॉम्प्युटर चालवतो. वॉरंटीतल्या तशा गाडीला हात लावू नये. हे प्रकरण जुन्या पिकअपसाठी आहे.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यानं कसारा घाटाला वळसा मिळाला. टोल परवडणाऱ्याला घाट आता टाळता येतो. पिकअपवाला टोलाच्या पैशांचा हिशोब करतो आणि बऱ्याचदा जुन्याच रस्त्यानं येतो, त्यामुळे चाचणी घाटातच व्हायला हवी. पण पहिल्या दिवशी नाही. आधी अंगणात वीस मिनिटं इंजिनाचे फेरे वाढवून ठेवून पंखा दोन-तीनदा आपणहून सुरू-बंद होतो का पाहावं. रिलेचा ‘टक्’ ऐकू येतो. मग रिकाम्या गाडीनं चांदवडचा राहुड घाट. मग अर्धा माल. मग कसारा, शक्यतो संध्याकाळी, आणि झाकण गरम असताना न उघडण्याची शपथ घेऊन. दाबाखालचं पाणी झाकण उघडताच वाफ होऊन तोंडावर येतं. पंख्याजवळ हात घालायचा असेल तर आधी त्याची तार काढावी. चावी चालू राहिली असेल तर तो कधीही फिरेल.

आणि काढलेला जुना पंखा भंगारात देऊ नये. तो वॉटर पंपाच्या पुलीवर जिथे चार बोल्टांनी बसतो, तिथे तो काढल्यावर तेच लांब बोल्ट वापरले तर ते आत टेकतात आणि पुली नीट आवळली जात नाही. त्यामुळे आखूड बोल्ट घालावे लागतात. जुना पंखा, त्याचे चार लांब बोल्ट आणि त्या मापाचा पाना गोणपाटात गुंडाळून सीटमागे ठेवावा. कसारा घाटात लतीफवाडीच्या वळणावर रात्री अकराला रिले जळाला, तर गाडी थंड होऊ द्यायची, कव्हर उतरवायचं आणि अर्ध्या-पाऊण तासात पट्ट्यावरचा पंखा परत चढवून इगतपुरी गाठायची.